जाळी पडायला हवी

आमच्या घरी घावन चांगलं झालं की नाही हे चवीवरून ठरत नसे, जाळीवरून ठरत असे. आजी बिडाचा तवा कडकडीत तापू द्यायची, तांदळाचं पाण्यासारखं पातळ पीठ कडेपासून मध्याकडे गोल ओतायची, आणि पीठ तव्याला टेकताक्षणी चर्र आवाज होऊन त्यात शेकडो भोकं पडायची. तवा थंड असला किंवा पीठ घट्ट झालं की जाळी पडत नसे. मग ती ते घावन बाजूला काढून "हे गुरांना" म्हणायची. (गुरं नव्हती. ते आम्हीच खायचो.)

पुढे अमेरिकेत पीएचडीला आले आणि सहा वर्षं साधारण हेच करत बसले. फक्त तव्याच्या जागी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली सिलिकॉनची चकती, पिठाच्या जागी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमचं द्रावण, आणि घावनाची जाडी केसाच्या दोनशेपन्नासाव्या भागाएवढी. भोकं दहा-पंधरा नॅनोमीटरची. ती पडली की नाही हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ घ्यावी लागे, आणि ती पुढच्या मंगळवारी मिळे.

"पण मुद्दाम भोकं कशाला पाडता?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, विमानात शेजारच्या प्रवाशाने विचारलाय आणि व्हिसाच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानेही विचारलाय. प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पातळ थरातलं भोक म्हणजे शत्रू. एका भोकातून धातू खाली उतरला की शॉर्ट सर्किट, आणि महिन्याची मेहनत वाया. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हा पदार्थ काय आहे ते सांगायला हवं.

फेरोइलेक्ट्रिक नाव ऐकून लोखंड आठवतं, पण यात लोखंड असण्याची गरज नाही. चुंबकाशी असलेल्या साधर्म्यावरून ते नाव पडलं. लोहचुंबकाला जसे उत्तर-दक्षिण ध्रुव असतात आणि बाहेरच्या चुंबकाने ते उलटवता येतात, तसं या पदार्थांच्या आत विजेचं ध्रुवीकरण असतं. एका बाजूला थोडा धन, दुसऱ्या बाजूला थोडा ऋण प्रभार. बाहेरून व्होल्टेज दिलं की ही दिशा उलटते, आणि व्होल्टेज काढून घेतलं तरी ती तशीच राहते. ही 'तशीच राहते' बाब महत्त्वाची आहे, पुढे तिच्यावरूनच मी आपटणार आहे.

कारण अणूंच्या रचनेत आहे. लेड टायटनेटसारख्या स्फटिकात ऑक्सिजनच्या सहा अणूंच्या पिंजऱ्यात एक टायटॅनियमचा अणू बसलेला असतो. बसलेला असतो, पण बरोब्बर मध्यभागी नाही, किंचित वर किंवा किंचित खाली. सरकण्याचं अंतर नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचं. एवढ्याशा सरकण्याने सगळा पदार्थ विजेच्या दृष्टीने एका बाजूला कलतो. आणि कललेला असल्यामुळेच तो दाबला की त्यातून प्रभार बाहेर पडतो, तापवला की पडतो, आणि उलट व्होल्टेज दिलं की तो स्वतः फुगतो किंवा आकसतो. पोटावर जेल लावून सोनोग्राफी करतात त्या उपकरणाच्या टोकाशी असा पदार्थ असतो. एप्सनच्या प्रिंटरमध्ये शाईचा थेंब ढकलणारा भागही असाच.

हे सगळं अमेरिकेतच सुरू झालं. मिनेसोटा विद्यापीठातला जोसेफ वालासेक नावाचा विद्यार्थी रोशेल मिठाच्या स्फटिकांवर काम करत होता. हे मीठ मूळचं फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधविक्याने बनवलेलं, आणि लोक ते पोट साफ व्हायला घेत. एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत वालासेकने सांगितलं की या मिठाचं विद्युत वर्तन लोखंडाच्या चुंबकी वर्तनासारखं आहे. आधी कोणत्या दिशेने व्होल्टेज दिलं होतं ते त्याला आठवतं. आता गंमत अशी की रोशेल मिठात हा गुण साधारण उणे १८ ते २४ अंश सेल्सियस एवढ्या पट्ट्यातच असतो. पुण्यात एप्रिलमध्ये, पंख्याखाली, वालासेकला काहीही सापडलं नसतं. शिवाय हे मीठ दमट हवेत पाझरतं. म्हणजे पहिल्या फेरोइलेक्ट्रिकपासूनच या धंद्याचं आणि हवेतल्या बाष्पाचं वाकडं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट आलं आणि पन्नाशीच्या दशकात लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी. झिर्कोनियम आणि टायटॅनियम साधारण ५२ ला ४८ या प्रमाणात घेतले की हा पदार्थ दाबाला सगळ्यात जोरकस प्रतिसाद देतो. सत्तर वर्षं झाली, त्यात शिसं आहे म्हणून लोक पर्याय शोधताहेत, आणि अजून बहुतेक कामांत पीझेडटीच वापरतात.

आता भोकांकडे. त्यांची गोष्ट समुद्रातून येते, आणि पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातून.

पाणबुडीचा आवाज ऐकायला पाण्याखाली हायड्रोफोन लावतात. त्यासाठी पीझेडटीचा ठोकळा उत्तम वाटेल, पण त्यात एक खोट आहे. पीझेडटी वरून दाबला तर एका चिन्हाचा प्रभार निघतो, बाजूंनी दाबला तर उलट चिन्हाचा. पाण्याखालची ध्वनिलहर मात्र ठोकळ्याला सगळीकडून एकदम दाबते. वरच्या दाबाने मिळवलेलं बाजूंचे दोन दाब जवळजवळ सगळं खाऊन टाकतात. उद्योगातला सर्वांत जोरकस पदार्थ, आणि पाण्यात टाकल्यावर जवळजवळ बहिरा.

पेन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट न्यूनम आणि एरिक क्रॉस यांनी १९७० च्या दशकात, अमेरिकी नौदलाच्या पैशावर, या अडचणीकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. रसायन बदलण्याऐवजी त्यांनी आकार बदलला. पदार्थाच्या आतच मोकळी जागा ठेवली तर बाजूंचा दाब आतपर्यंत पोचणार नाही, वाटेतच पोकळीत जिरेल. पण अशी एकसंध, आरपार जोडलेली पोकळी आणायची कुठून? त्यांनी समुद्रातलं प्रवाळ घेतलं. प्रवाळाच्या सांगाड्यात डोळ्यांना दिसतील अशी भोकं असतात आणि ती सगळी एकमेकांना जोडलेली असतात. त्यात मेण भरलं, मग प्रवाळ आम्लात विरघळवून टाकलं. मेणाचा साचा उरला. त्यात पीझेडटीचा राडा भरला, मेण जाळून टाकलं, भट्टीत भाजलं, आणि प्रवाळाची हुबेहूब पीझेडटी आवृत्ती हातात आली. त्याच्या पोकळ्यांत सिलिकॉन रबर भरलं की लवचिक सेन्सर तयार. हे त्यांनी १९७८ मध्ये छापलं.

प्रवाळ दरवेळी कुठे शोधत बसणार! म्हणून पुढे त्याच प्रयोगशाळेत सोपा मार्ग निघाला: पीझेडटीच्या भुकटीत प्लॅस्टिकचे बारीक गोळे मिसळायचे आणि भट्टीत ते जाळून टाकायचे. 'बर्न्ड आउट प्लॅस्टिक स्फिअर्स' या शब्दांवरून त्याला नाव पडलं बर्प्स, म्हणजे ढेकर. जळताना गोळ्यांचा वायू खरोखरच ढेकरासारखा बाहेर पडत असणार.

यातून मोठी गोष्ट बाहेर आली. सेन्सरची संवेदनशीलता हे एक गुणोत्तर असतं. वर, दाबाला किती प्रभार निघतो ते; खाली, पदार्थ प्रभार किती सहज साठवून ठेवतो ते, म्हणजे परमिटिव्हिटी. हवेची परमिटिव्हिटी १, पीझेडटीची हजाराच्या घरात. पोकळी घातली की वरचा आकडा थोडा घटतो, पण खालचा त्याहून वेगाने घटतो. गुणोत्तर वाढतं. पदार्थ कमी आणि सिग्नल जास्त. उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरमध्येही हेच गणित लागू होतं. तिथे पोकळीमुळे तापवायचा मालही कमी होतो. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या प्रयोगशाळेत या कारणासाठी सच्छिद्र पातळ थर बनवले गेले.

पातळ थरात आणखी एक भानगड असते, आणि माझ्या प्रबंधाचा विषय तीच होती. तीनशे नॅनोमीटरचा पीझेडटीचा थर अर्धा मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनला चिकटलेला असतो. खालचा सिलिकॉन दीड हजार पटींहून जास्त जाड. व्होल्टेज दिल्यावर थराला वर फुगायचं असतं, पण वर फुगायला बाजूंनी आकसावं लागतं, आणि सिलिकॉन त्याला आकसू देत नाही. ठोकळ्यात जो पदार्थ भरभरून हलतो तो थरात जखडलेला असतो. सगळे पाय चटईला शिवून मग सूर्यनमस्कार घालायला सांगितल्यासारखं. थरात पोकळ्या ठेवल्या तर पदार्थाला आतल्या आतच हलायला जागा मिळेल, ही कल्पना.

ती नुसती कल्पना नाही हे दाखवणारं एक काम लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये सेरा टॉल्बर्ट आणि जेन चँग यांच्या गटांनी केलं. त्यांनी आधी कोबाल्ट फेराइट या चुंबकी पदार्थाची दहा-पंधरा नॅनोमीटर भोकांची जाळी केली. मग त्या भोकांच्या भिंतींना आतून अणूंच्या एकेका थराने पीझेडटीचं लिंपण केलं. काही नमुन्यांत लिंपण पातळ ठेवलं, काहींत भोकं जवळजवळ बुजेपर्यंत जाड. विजेने पीझेडटी फुगवला की तो शेजारच्या चुंबकी पदार्थाला ओढतो आणि त्याचं चुंबकत्व बदलतं. साधा हिशोब म्हणेल, पीझेडटी जास्त असेल तिथे बदल जास्त. २०१६ मध्ये त्यांनी छापलेला निकाल उलटा होता: लिंपण पातळ आणि पोकळी जास्त शिल्लक, तिथे परिणाम जास्त. वळायला जागा होती म्हणून तो वळला.

मी पीएचडीत शिरले तेव्हा या विचाराने भारावलेली होते. माझी कृती साधी होती, निदान कागदावर. लेड ॲसिटेट विरघळवायचं, त्यात झिर्कोनियम आणि टायटॅनियमची अल्कोहोलयुक्त संयुगं घालायची, आणि शेवटी प्लुरॉनिक नावाचा पॉलिमर. त्याच्या रेणूची दोन टोकं पाणी आवडणारी, मधला भाग पाण्यापासून पळणारा. साबणासारखाच स्वभाव. द्रावण सुकायला लागलं की हे रेणू आपोआप गोळा होऊन नॅनोमीटर आकाराचे गोलक करतात आणि धातूंची संयुगं त्यांच्या भोवती बसतात. सुकतानाच रचना जमते, हे तंत्र न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कच्या सँडिया प्रयोगशाळेत जेफ्री ब्रिंकर यांच्या गटाने १९९७ मध्ये सिलिकाच्या थरांवर दाखवलं होतं. मी चकतीवर चार थेंब टाकायचे, चकती मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी अर्धा मिनिट फिरवायची, मग साडेतीनशे अंशांच्या तव्यावर ठेवायचे. पॉलिमर जळून उडून जातो, जागा मोकळी राहते. असे थरावर थर चार-पाच. शेवटी साडेसहाशे अंशांवर भट्टीत, स्फटिक होण्यासाठी.

आणि इथे सगळं कोसळायचं. अगदी शब्दशः. भोकांमधल्या भिंती दहा नॅनोमीटरच्या, आणि वाढणारे स्फटिक पन्नास-साठ नॅनोमीटरचे व्हायला बघतात. स्फटिक मोठे होताना भिंती फोडतात आणि भोकं बुजतात किंवा फाटतात. भट्टी कमी तापवली तर भोकं सुंदर आणि स्फटिकच नाहीत, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक गुण शून्य. जास्त वेळ तापवली तर शिसं उडून जातं. सच्छिद्र थराला पृष्ठभाग जास्त, म्हणून ते जास्तच उडतं, आणि मग पायरोक्लोर नावाचा निरुपयोगी स्फटिक तयार होतो. मी शिसं आधीच जास्त घालायचे, भट्टी झपकन तापवून झपकन थंड करायचे, पॉलिमर बदलायचे. दीड वर्ष गेलं. शेवटी भट्टीचा एक वेग सापडला ज्यात निम्मी जाळी टिकत होती. प्रकाशाच्या परावर्तनावरून मोजलं तर थरात साधारण तिसरा हिस्सा पोकळी. वर पॉलिमर नसलेला एक बारीक भरीव थर झाकणासारखा घातला, त्यामुळे वरचा धातू भोकांत उतरणं थांबलं. मग त्यावर प्लॅटिनमचे ठिपके.

ऑगस्ट महिना होता. मिडवेस्टमधलं आमचं गाव मक्याच्या शेतांनी वेढलेलं, आणि तिथला ऑगस्ट कोकणातल्या जूनशी बरोबरी करतो. आमची प्रयोगशाळा जुन्या इमारतीत, वातानुकूलन नावाला. मी ठिपक्यावर सुई टेकवली, व्होल्टेज वरखाली केलं, आणि पडद्यावर गलेलठ्ठ लूप उमटला.

लूप म्हणजे काय ते सांगते. आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्या अक्षावर पदार्थात साठलेला प्रभार. साधा कपॅसिटर असेल तर सरळ रेषा येते, वर जाताना आणि खाली येताना तीच. फेरोइलेक्ट्रिक पदार्थ मागची दिशा धरून ठेवतो, म्हणून जातानाची वाट आणि येतानाची वाट वेगळी होते आणि मध्ये एक फुगीर जागा तयार होते. क्लीव्हलँडच्या सॉयर आणि टॉवर यांनी १९३० मध्ये रोशेल मिठासाठी यासाठीची सर्किट-जोडणी दिली, तिच्यावरून आजही तिला त्यांचंच नाव आहे. लूप जितका पोटाळ, तितकं ध्रुवीकरण जास्त. माझा सच्छिद्र थराचा लूप भरीव थराच्या लूपपेक्षा जाड होता.

एक तृतीयांश माल गायब, आणि प्रभार जास्त! माझ्याकडे स्पष्टीकरण तयारच होतं: पोकळीमुळे थर जखडण्यातून सुटला, म्हणून सगळे अणू मोकळेपणाने वळताहेत. माझे मार्गदर्शक हुरळले. त्यांचं अनुदान नूतनीकरणाला जायचं होतं. मी डिसेंबरपर्यंत शोधनिबंध लिहून पाठवला. मे महिन्यात प्रबंध, जूनपासून ओपीटी, एका कंपनीशी बोलणी सुरू. आईला फोनवर सांगून टाकलं होतं की यंदा संपतंय.

फेब्रुवारीत एका आकृतीसाठी दोन मापनं पुन्हा करायची होती. तोच नमुना, तोच ठिपका, तीच सुई. लूप बारीक. इतका बारीक की मला वाटलं वायर तुटली. दुसरा ठिपका, तेच. दुसरा नमुना, तेच. मी सुया बदलल्या, केबल बदलल्या, यंत्राच्या प्रमाणित नमुन्यावर तपासणी केली. यंत्र निर्दोष. चार दिवस मी 'थर जुना झाला' या समजुतीत काढले आणि नवा थर बनवला. ताज्या थराचा लूपही बारीक.

उत्तर दाराच्या मुठीने दिलं. इथल्या हिवाळ्यात हीटर लावून लावून घरातली हवा इतकी कोरडी होते की गालिच्यावर चालून मूठ पकडली की चटका बसतो. हे वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. मी प्रयोगशाळेत शिरताना चटका खाल्ला, ओठ फुटलेले होते म्हणून खिशातून व्हॅसलिन काढलं, आणि तिथेच थांबले. ऑगस्टमध्ये माझ्या थराच्या भोकांमध्ये हवा नव्हतीच. पाणी होतं.

हे भौतिकशास्त्र दीडशे वर्षं जुनं आहे. अरुंद भोकात बाष्पाचं पाणी व्हायला हवा शंभर टक्के दमट असावी लागत नाही. लॉर्ड केल्विन यांच्या समीकरणाने हिशोब केला तर सहा नॅनोमीटर रुंदीची भोकं ७० टक्के आर्द्रतेलाच पाण्याने भरतात. त्याच्याही आधी भिंतींवर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि त्यातून प्रोटॉन वाहू लागतात. मीठदाणीतलं मीठ पावसाळ्यात का ओलं होतं हे लहानपणापासून बघितलेल्या मुलीला हे सुचायला सहा महिने लागावेत!

पण पाणी असलं म्हणून लूप जाड का व्हावा? कारण यंत्र प्रभार थेट बघत नाही. ते वाहणारा प्रवाह मोजतं आणि त्याची बेरीज करतं. प्रवाह अणू वळल्यामुळे आला की कुठून तरी झिरपला, हे यंत्राला कळत नाही. गळक्या नळाखाली बादली ठेवली तर बादली भरतेच. झिरपणाऱ्या प्रवाहाची बेरीज आलेखावर काढली की ती जाडजूड लूपसारखीच दिसते. या क्षेत्रात यावर एक प्रसिद्ध निबंध आहे, 'फेरोइलेक्ट्रिक्स गो बनानाज' नावाचा. २००८ मध्ये जेम्स स्कॉट यांनी केळ्याच्या सालीला धातूची टोकं जोडून लूप मोजला आणि छापला. केळं काही फेरोइलेक्ट्रिक नाही. पण त्याचा लूप कितीतरी छापील निबंधांतल्या लूपसारखा दिसत होता, आणि असे आलेख मिळाले तर ते छापू नका, असा त्यांचा रोख होता. मी तो निबंध पहिल्याच वर्षी वाचला होता. हसले होते. प्रयोगशाळेच्या फळ्यावर केळं काढणारीही मीच होते.

आता नीट बघितल्यावर ऑगस्टच्या आलेखात सगळं दिसत होतं. खऱ्या लूपची टोकं अणकुचीदार असतात, कारण सगळे अणू वळून झाले की प्रभार वाढायचा थांबतो. माझी टोकं गोलसर होती, होडीच्या नाळेसारखी. मी सगळी मापनं एकाच वारंवारतेवर केली होती, शंभर हर्ट्झ. दहा आणि हजारवर करून बघितली असती तर गळती लगेच उघडी पडली असती: सावकाश मोजलं की गळायला वेळ जास्त, लूप जाड, झटपट मोजलं की लूप बारीक. अणू वळण्याचा प्रभार असा वेगाबरोबर एवढा बदलत नाही. आणि पंड नावाची चाचणी असते, तीही मी 'नंतर करू' म्हणून ठेवली होती. त्यात एकाच दिशेने लागोपाठ दोन झटके देतात. पहिल्या झटक्यात अणू वळतात आणि गळतीही होते. दुसऱ्यात वळायला कुणी उरलेलं नसतं, म्हणून फक्त गळती. वजाबाकी केली की खरं ध्रुवीकरण हातात. शाळेतलं गणित.

मार्गदर्शकांच्या खोलीत जाऊन सांगायला मला एक दिवस लागला. आदल्या रात्री मी बराच वेळ असा विचार करत होते की निबंधात 'मापन खोलीच्या सामान्य वातावरणात' असं एक वाक्य घातलं तर ते खोटं ठरणार नाही. खरंच खोटं ठरलं नसतं. सकाळी मी दोन आलेख शेजारी शेजारी छापून नेले, ऑगस्ट आणि फेब्रुवारी. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, निबंध मागे घेऊ, पण आधी पाणीच आहे हे सिद्ध कर. अंदाजावर चूक कबूल करणं हीसुद्धा घाईच.

सिद्ध करायला महागडं काही लागलं नाही. सुया असलेली पेटी बंद केली, त्यात कोरडा नायट्रोजन सोडला, नमुना दीडशे अंशांपर्यंत तापवून पुन्हा थंड केला आणि मोजलं. लूप बारीक, टोकं अणकुचीदार. मग पेटीत पाण्याची वाटी ठेवली. हो, वाटीच, घरून आणलेली स्टीलची. दर पाच मिनिटांनी मोजत गेले. लूप डोळ्यांदेखत पोट सोडू लागला. भरीव थरावर तोच प्रयोग केला, त्याला वाटीची फिकीर नव्हती. पुन्हा तापवलं, पुन्हा बारीक. तीन वेळा.

मे गेला. प्रबंध डिसेंबरवर गेला, कंपनीची बोलणी बारगळली, आई म्हणाली, "पाण्यामुळे म्हणजे? तुमच्याकडे छत गळतं का?" मी हो म्हटलं, ते सोपं होतं.

कोरड्या हवेत उरलं काय? सच्छिद्र थराचं ध्रुवीकरण भरीव थरापेक्षा कमीच होतं, माल कमी तर प्रभार कमी, जसं असायला हवं तसं. पण परमिटिव्हिटी त्याहून जास्त घटली होती. न्यूनम यांचं जुनं गुणोत्तर तीनशे नॅनोमीटरच्या थरातही उभं राहिलं. लेझरने थराची हालचाल मोजली (हीसुद्धा जपून, कारण खालची चकती वाकली की तीही हालचाल म्हणून मोजली जाते) तेव्हा जखडण्यातून थोडी सुटका दिसली. थोडीच. 'सगळे अणू मोकळे' वगैरे नाही. दुसरा निबंध पहिल्यापेक्षा कमी चमकदार नियतकालिकात आला, आणि त्यातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली आकृती वाटीची आहे. कारण उघड आहे: जे या लूपच्या दृष्टीने संकट, ते आर्द्रता मोजणाऱ्याच्या दृष्टीने सेन्सर. त्या दिशेने आता दुसरे लोक काम करतात.

मी सध्या कारखान्यातल्या दाबमापक सेन्सरवर काम करते, सच्छिद्र थर अजून सुटलेले नाहीत. नवं कुणी गटात आलं आणि पहिल्याच आठवड्यात जाड लूपचा फोटो उत्साहाने पाठवला की मी तीन गोष्टी मागते: हजार हर्ट्झवरचा तोच लूप, बेरीज न केलेल्या प्रवाहाचा आलेख, आणि त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता. प्रवाहाच्या आलेखात अणू वळण्याच्या व्होल्टेजला दोन स्पष्ट शिखरं दिसली पाहिजेत. ती दिसली तर जेवायला बाहेर जातो. बहुतेक वेळा दिसत नाहीत, आणि पोरं हिरमुसतात, तेव्हा मी त्यांना मोजणीच्या यंत्रावर टेपने चिकटवलेला आर्द्रतामापक दाखवते. तो मी त्या फेब्रुवारीत वॉलमार्टमधून आणला होता. नोकरी बदलली तेव्हा जुन्या प्रयोगशाळेने तो मला भेट म्हणून दिला. तिथे आता तीन आहेत. आज सकाळी त्यावर ६१ होते, म्हणून मोजणी उद्यावर टाकून मी हे लिहायला बसले.